डावं खुरपं

चि. नातबाईस,


तू पाठवलेला फोटो काल तुझ्या बाबानं मोठा करून दाखवला. वांगी कुठं आहेत तेच आधी कळेना. चष्मा पुसून पाहिलं, तेव्हा तिसऱ्या सरीतलं एक पान वांग्याचं वाटलं. खाली तू विचारलंयस, "आजी, पावसामुळे तीन आठवडे भोरला जाता आलं नाही. आता कोणतं तणनाशक मारू? की नैसर्गिक शेती म्हटल्यावर हे असंच राहू द्यायचं असतं?" फोनवर सांगायला गेले की तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. पाऊस उघडलाय, दुपारची वीज नाही, आणि इतकी वर्षं फळ्यावर लिहिल्यामुळं अक्षर अजून बरं येतं.

तुझं काही जगावेगळं झालेलं नाही. आषाढात तीन आठवडे रानाकडं पाठ फिरवली तर माझंही असंच होई, आणि मी तर रानापासून हाकेच्या अंतरावर राहायचे. तुझी चूक वेगळीच आहे. पहिल्याच वर्षी तू वीसच्या वीस गुंठे उघडे केलेस. ट्रॅक्टरवाल्यानं नांगरून दिलं, वर रोटाव्हेटर मारून दिला, रान पिठासारखं मऊ झालं म्हणून तू त्याचाही फोटो पाठवला होतास. मला तेव्हाच पोटात गोळा आला. लागण केलीस ती चार गुंठ्यांत. उरलेले सोळा गुंठे कुणासाठी तयार केले होतेस? ज्याच्यासाठी केलेस ते आलं.

या कामाला आमच्या कराडकडं भांगलण म्हणतात. पुण्या-नगरकडं खुरपणी, खानदेश-विदर्भात निंदण, कोकणात भाताची बेणणी. प्रत्येक मुलखात हे काम बायकांनीच केलं आणि करता करता त्या बोलत राहिल्या, म्हणून बहुधा नावं इतकी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी पदर खोचून पातीला लागायची. शेजारच्या पातीत सासूबाई. मी एक वीत सरकेपर्यंत त्या हातभर पुढं. एकदा भुईमुगात शेंगा धरल्यावर मी मन लावून एकेक काडी उपटत होते, तर त्यांनी खुरप्याच्या मुठीनं माझ्या हातावर टिचकी मारली. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आता कशाला? परीक्षा झाली की अभ्यास करता होय?"

त्या टिचकीत सगळं आलं. भिंतींवर रंगवलेलं असतं ना, 'तण खाई धन', ते खरं. पण कधी खातं ते भिंतीवर लिहीत नाहीत. सोयाबीन, मूग, उडीद, भुईमूग यांचे पेरल्यापासूनचे पहिले तीस-चाळीस दिवस म्हणजे तणाशी खरं भांडण. तेवढ्या काळात पिकाला अन्न, पाणी, ऊन निर्वेध मिळालं की ते पानांनी सरी झाकून टाकतं आणि मग खालच्या तणाचा फार उपद्रव राहत नाही. वांगी, टोमॅटो, मिरची आपण रोपं करून लावतो, म्हणजे पळायच्या शर्यतीत त्यांना महिनाभर पुढं उभं केलेलं असतं. तरी लागणीनंतर दीड महिना लक्ष हवं. उसाला तीन-चार महिने, कारण तो सुरुवातीला सावकाश वाढतो आणि सरी रुंद. कांदा मात्र काढणीपर्यंत त्रास देतो. त्याची पात उभी, बारीक, जमिनीवर सावली कधी धरतच नाही. पहिल्या वर्षी कांदा लावू नकोस असं मी म्हणाले होते ते याचसाठी. तुला वाटलं आजीला कांद्याचा भाव नको आहे.

तर तुझ्या वांग्यांना लागून किती दिवस झाले? पंचवीस. म्हणजे गाडी सुटलेली नाही. येत्या शनिवारी जा आणि सोळा गुंठ्यांकडं ढुंकूनही न बघता आधी ते चार गुंठे सोडव. त्यातही रोपाभोवतीचं वीतभर आधी, मग सरी. सकाळी लवकर लाग, म्हणजे उपटलेलं दिवसभर उन्हात सुकेल. पाऊस डोक्यावर असताना भांगललंस तर संध्याकाळपर्यंत अर्धं तण पुन्हा मुळं धरतं. आणि चिखलात शिरू नकोस. वाफसा येऊ दे. माती हातात दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकावला की फुटावा, तेव्हा खुरपं चालतं.

आता फोटोतली मंडळी. तुला ते सगळं हिरवं एकच दिसतं. मला त्यात निदान पाच जणी ओळखीच्या दिसल्या, आणि प्रत्येकीची खोड निराळी.

ती निळ्या इवल्या फुलाची, रसाळ कांडीची, जमिनीवर पसरलेली म्हणजे केना. उपटून तिथंच टाकलास तर प्रत्येक पेराला मुळं फुटतात; एकाचे दहा होतात. शिवाय ही मोठी धोरणी बाई. वर निळी फुलं येतात ती येतातच, पण मातीच्या आत तिला न उमलणारी फुलं लागतात आणि तिथंच बी धरतं. वरून कापून तुला वाटतं जिंकलो. तेव्हा केना मुळासकट काढायचा, पाटीत भरायचा आणि रानाबाहेर न्यायचा. घोळही तसाच, उपटल्यावरही बी पिकवण्याइतका ओलावा त्याच्या देठात असतो. दोन्ही शेजारच्या गोठ्यात दे, किंवा कोवळे असतील तर घरी आण. केन्याच्या पानांची भजी आणि घोळाची डाळ घालून भाजी तू लहानपणी खाल्लीयस, नाव न विचारता. तांदुळजा तर बाजारात जुडीनं विकतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आम्ही याच मंडळींकडं जायचो. फक्त एक, ज्या रानात फवारा झालाय तिथली रानभाजी तोंडात घालायची नाही, आणि ओळखणारं माणूस बरोबर असल्याशिवाय नवी भाजी खुडायची नाही.

कुंपणाच्या कडेनं पांढऱ्या फुलांचं उभं आहे ते गाजर गवत. आम्ही काँग्रेस म्हणतो. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. माझ्या माहेरी लहानपणी ते नव्हतं, आणि मी नोकरीला लागेपर्यंत शाळेच्या पटांगणात पुरुषभर झालं होतं. हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नकोस, काहींच्या अंगावर भयंकर खाज उठते. फुलाच्या आधी काढलंस तर खतात जातं. फुलावर आलं की एकेक झाड हजारांनी बी सांडतं. त्याच्यावर करड्या-पांढऱ्या, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नकोस. १९८३ साली ते मेक्सिकोहून बंगळूरला आणले आणि पुढच्या वर्षी सोडले, ते या गवताची पानं खाण्यासाठीच. पावसाळ्यात आमच्या बांधावर दिसतात, हिवाळा लागला की मातीत दडून बसतात. सगळं गवत काही संपवत नाहीत, पण चाळण करतात. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या कडेनं टाकळ्याचं बी फेकून ठेव. पहिल्या पावसाला टाकळा दाटीनं उगवतो आणि काँग्रेसला जागाच देत नाही. मग टाकळ्याचं काय करायचं? कोवळा असतानाच त्याची भाजी.

आता लव्हाळा. याच्यासाठी वेगळा कागद घ्यायला हवा होता.

१९७७ साली जगातल्या सगळ्यांत वाईट तणांवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यात लव्हाळ्याचा नंबर पहिला आणि आपल्या हराळीचा दुसरा. म्हणजे नागरमोथा म्हणून ज्याच्या गाठी आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो तो पहिला, आणि गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो ती दुसरी. मला हे वाचून कसं कोण जाणे, बरं वाटलं. पंचवीस वर्षं मी कुणा ऐऱ्यागैऱ्याशी झुंजत नव्हते.

लव्हाळ्याचं पातं ओढलंस की ते अलगद हातात येतं. फसू नकोस. खाली गाठ असते, त्या गाठीला दोऱ्यासारखी मुळी, तिला पुढची गाठ, अशी माळ. वरची गाठ जिवंत असेपर्यंत खालच्या निजलेल्या असतात. तू वरचीला तोडलंस की पुढची जागी होते. म्हणूनच खुरपून गेलं की चार दिवसांत लव्हाळा आधीपेक्षा दाट दिसतो. माझा जीव यानं इतका रडकुंडीला आणला होता की एका उन्हाळ्यात मी शाळेच्या सुट्टीत पाच गुंठे हातानं खणून गाठी वेचल्या. पोतं भरलं. जूनमध्ये पुन्हा हिरवंगार.

त्याला दोनच गोष्टी सोसत नाहीत, ऊन आणि सावली. हसू नकोस, खरं सांगते. पानाला सावली सोसत नाही आणि गाठीला ऊन. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. एप्रिल-मेमध्ये नांगरून ढेकळं उलटी टाकली आणि रान महिनाभर तापू दिलं की वर आलेल्या गाठी वाळून खडखडीत होतात. हराळीच्या काशांचंही तेच, त्या तर वेचून बांधावर वाळवायच्या आणि मग जाळायच्या. अट एकच, त्या महिन्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. आणि पावसाळ्यात वर दाट सावली धरायची. मधल्या काळात पातं दिसलं की दर पंधरा दिवसांनी कापत राहायचं. नवी गाठ धरायला त्याला तीन-चार आठवडे लागतात. तेवढी उसंतच द्यायची नाही. जुन्या गाठीतली शिदोरी पातं फुटता फुटता संपते. दोन-तीन वर्षं लागतात. आमच्या खालच्या वावरात चार लागली.

तुझ्या त्या सोळा गुंठ्यांना ही सावली द्यायची आहे. तिथं आता काही लावायचं नाही. विळ्यानं किंवा गवत कापायच्या मशीननं जे आहे ते जमिनीलगत काप, बी धरलेलं वेगळं काढ, वाफसा आला की नुसतं वरवर कुळवून घे आणि दहा किलो तागाचं बी दाट फेकून दे. खोल नको. मातीत वर्षानुवर्षांचं बी निजलेलं असतं आणि त्यातल्या पुष्कळांना उगवायला उजेडाची झुळूक पुरते. खोल उलथलंस की पुन्हा नवी पलटण वर. ताग दीड महिन्यात डोक्याच्या वर जाईल, खाली लव्हाळा पिवळा पडलेला दिसेल. फुलावर यायच्या सुमारास कापून तिथंच आडवा पाड. पाणी साचतं त्या कोपऱ्यात ताग पिवळा पडतो, तिथं धैंचा टाक.

कापलेलं सगळं जाळायचं नाही की बांधावर न्यायचं नाही. वांग्यांच्या सरीत बोटभर नाही, चार बोटं जाडीचं पसर. काड, पेंढा, गिरिपुष्पाचा पाला, जे मिळेल ते. आमच्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवायची रीत होती. एका हेक्टरात आठ-दहा टन निघतं, आणि एका काडीत सगळं धूर. तुझ्या आजोबांनी एका वर्षी खोडव्यात ते सरीतच ठेवलं, तेव्हा गावानं वेड्यात काढलं. उंदीर होतील म्हणाले. झालेही थोडे. पण त्या खोडव्यात मला भांगलायला एकदाच जावं लागलं, ते मी कशी विसरेन. मल्चिंग पेपर घेऊ का, असंही तू विचारलं होतंस. भाजीला चालतो, केना-घोळ दबतात. लव्हाळा मात्र सुईसारखा त्यातून वर येतो. आणि दोन हंगामांनी त्या प्लॅस्टिकच्या चिंध्या वेचायला तूच जाणार आहेस.

तणनाशकाचं उत्तर राहिलं. मी तुला पाप-पुण्य सांगणार नाही. आमच्याही उसात टू-फोर-डी मारलं गेलंय, मजूर मिळत नव्हते आणि माझी कंबर धरली होती. पण त्यानंतर तुझ्या आजोबांनी तोच पंप नुसता विसळून टोमॅटोवर कडुनिंबाचा अर्क फवारला. आठ दिवसांत टोमॅटोची पानं नेच्यासारखी बारीक, पिळवटलेली. पंपाच्या तळाशी उरलेल्या घोटभरानं सगळा प्लॉट गेला. चूक आमचीच होती, पण त्या औषधाला चूक मुळीच खपत नाही. रुंद पानाचं तण मारतं ते वांग्यालाही रुंद पानाचंच समजतं. ग्लायफोसेटचं म्हणशील तर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांच्या हातूनच वापरायचं असा आदेश काढला होता. तू चार गुंठ्यांसाठी या फंदात पडू नकोस. आणि ते व्हिनेगर-मिठाचं रील तू पाठवलं होतंस, त्याच्या तर वाऱ्यालाही उभी राहू नकोस. व्हिनेगरनं वरचं पान करपतं, गाठ तशीच. मिठानं मात्र तणाआधी तुझं रानच जाईल.

तुझा दुसरा प्रश्न, नैसर्गिक म्हणजे तसंच सोडून द्यायचं का. तुझ्याकडं ते जपानी फुकुओकांचं 'एका काडातून क्रांती' आहे, ते पुन्हा वाच. त्या माणसानंच सांगितलंय की तरुणपणी त्यांनी वडिलांची संत्रावर्गीय बाग छाटणी न करता तशीच सोडली, तर झाडं मेली. छाटून वाढवलेलं झाड एकाएकी सोडून देणं हा निष्काळजीपणा, निसर्ग नव्हे, हे ते तिथं शिकले. पुढं भातात त्यांनी पांढरं क्लोव्हर पसरलं, म्हणजे तणाच्या जागी आपल्या मर्जीचं तण आणून बसवलं. आपल्याकडं त्या जागी चवळी आहे, मटकी आहे. पुढच्या वर्षी मिरचीच्या दोन ओळींत चवळी टोक. तीही जमीन धरते, वर शेंगा देते.

शेणखताचं आत्ताच सांगते, नाहीतर दिवाळीत तू ट्रॉली मागवशील. ताजं शेण घेऊ नकोस. गुरांनी खाल्लेलं बी पोटातून जिवंत बाहेर येतं. मी एकदा स्वस्त मिळतं म्हणून दोन ट्रॉल्या अर्धकच्चं खत वाफ्यांत टाकलं, आणि आमच्या रानात कधी नव्हतं ते कुंद्याचं गवत विकत आणलं. ढीग आतून हात भाजेल इतका तापून, उलटून, पुन्हा तापून गार झालेला असला पाहिजे. काळं, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेलं.

पुढच्या मेमध्ये रोपवाटिकेच्या दोन वाफ्यांना आधी पाणी दे आणि पंचवीस मायक्रॉनचा पारदर्शक कागद, काळा नव्हे, कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे अंथर. बी आत भाजून निघतं. सगळ्या रानाला हे करायचा खर्च तुला झेपणार नाही, वाफ्यांना पुरे. आणि पहिला पाऊस पडला की घाई करू नकोस. गावात सगळे पेरतील, तुला वाटेल आपण मागं पडलो. दहा-बारा दिवस थांब. तण मनसोक्त उगवू दे, दोन पानांवर आलं की वरवर एक पाळी मार, मग लागण कर. त्या एका पाळीनं तुझ्या दोन भांगलणी वाचतील.

माणसं लावशील तेव्हा बायकांना सकाळी लवकर बोलाव आणि उन्हाआधी सोड. दिवसभर उकिडवं बसून पात ओढायची आणि हजेरी पुरुषापेक्षा कमी घ्यायची, हे मी आयुष्यभर बघितलं. माझ्याच घरात तशी दिली जायची तेव्हा मी गप्प बसले. तू बसू नकोस. सरीत चालवायला सायकल कोळपं घे, उभ्यानं चालतं. वांग्यांत मात्र रोपाजवळ खुरपंच लागेल.

ते पाठवतेय. तू डावखुरी, आणि बाजारातली खुरपी सगळी उजव्या हाताची. त्यांची धार तुझ्या हातात उलटी पडते, म्हणून तुझ्या मनगटाला कळा लागत होत्या. ते तुझ्या नाजूकपणाचं लक्षण नव्हे. आपल्या लोहाराला सांगून डावं खुरपं करून घेतलंय, मूठ बाभळीची आहे. पहिले दोन दिवस हाताला फोड येतील. खोबरेल लाव.

तुझी
आजी

ता. क. फोटोत उजवीकडं, कुंपणाच्या तारेवर चढलेला एक वेल दिसतो. त्याला हात लावू नकोस. ते करटुलं आहे. नर आहे की मादी ते फूल आल्यावर कळेल, तेव्हा जवळून फोटो पाठव. तोवर त्याला एक काठी लाव.